किनाऱ्यावरचं हॉटेल सावरायचं असेल तर

आखातातली नोकरी संपली की व्हिसाही संपतो. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा इथं पंचवीस-तीस वर्षं काढली तरी तिथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही, त्यामुळे परतावंच लागतं. परतताना हातात साठवलेली पुंजी आणि सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी असते. संयुक्त अरब अमिरातीत ही ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांच्या आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांच्या मूळ पगाराच्या हिशेबाने मिळते. पण महिन्याच्या महिन्याला येणारं पेन्शन नसतं.

अशी तीन-चार मित्रांची कुटुंबं एकत्र येतात आणि देवबाग, वेंगुर्ला, गुहागर, हर्णै, दिवेआगर अशा एखाद्या ठिकाणी मासळीच्या थाळीचं हॉटेल काढतात. पहिला सीझन नवलाईत जातो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गल्ल्यात खडखडाट असतो, आचारी निघून गेलेला असतो आणि ज्यांच्याबरोबर परदेशात सण साजरे केले त्या मित्राशी बोलणं तुटायच्या बेतात आलेलं असतं.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. अमेरिका-इंग्लंडहून किंवा बोटीवरची नोकरी संपवून आलेल्यांनाही तो तितकाच लागू आहे. अडचणीतल्या हॉटेलात आणखी पैसे ओतले की ते सावरेल ही समजूत सर्वात महागात पडते. आधी पुंजी बाजूला काढा, मग हॉटेल लहान करा आणि मित्रामित्रांमधलं सगळं कागदावर आणा. हा क्रम बदलू नका.

पुंजी आधी वेगळी काढा

म्हातारपणाचा पैसा आणि धंद्याचं भांडवल एकाच खात्यात असेल, तर तोटा कधी घरापर्यंत पोचला ते कळतही नाही. प्रत्येक जोडप्याने घरखर्च, औषधपाणी आणि अचानक येणारं मोठं आजारपण यांची रक्कम ठरवून ती धंद्याबाहेर ठेवावी. साठी ओलांडलेल्या निवासी भारतीयाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोघांची मर्यादा वेगवेगळी धरली जाते. अनिवासी असताना मात्र हे खातं उघडता येत नाही.

कायमचे परतल्यावर एनआरई खातंही निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी खात्याची सोय आहे. परतून वर्ष उलटलं तरी अनेकांची ही कामं राहिलेली असतात, ती आधी उरका.

आता उरलेल्या पैशांतून हॉटेलसाठी जास्तीत जास्त किती घालायचे तो आकडा ठरवा आणि सगळ्यांनी त्याखाली सह्या करा. हॉटेलच्या कर्जासाठी राहतं घर तारण ठेवू नका. परदेशात असलेल्या मुलांकडूनही धंद्यासाठी पैसे मागू नका. त्या पैशाबरोबर मुलांची मतंही येतात आणि भागीदारांत भागीदार वाढतात.

तोटा कुठे आहे ते शोधा

"गर्दी असते, पण पैसा दिसत नाही," ही तक्रार किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येते. तिचं उत्तर बहुतेक वेळा वर्षाच्या हिशेबात सापडतं.

एक उदाहरण घेऊ. जागेचं भाडं 40 हजार, पगार एक लाख आणि वीज, पाणी, दुरुस्ती, किरकोळ मिळून आणखी 40 हजार धरले, तर महिन्याचा बांधील खर्च 1 लाख 80 हजार झाला. एका गिऱ्हाइकाचं सरासरी बिल 350 रुपये आणि त्यातला माल, गॅस, तेल यांचा खर्च 150 रुपये धरला, तर एका ताटामागे 200 रुपये उरतात. बांधील खर्च भागायला महिन्याला 900 ताटं लागली, म्हणजे रोजची 30. हे सहज जमेल असं वाटतं.

पण भाडं आणि पगार बारा महिने द्यायचे असतात, गिऱ्हाईक मात्र ऑक्टोबर ते मे असं आठच महिने येतं. वर्षाचा बांधील खर्च 21 लाख 60 हजार. तो भागवायला 10,800 ताटं लागतात आणि विकायला दिवस मिळतात साधारण 240. म्हणजे रोजची 45 ताटं. रोज 35 ताटं जाणारं हॉटेल मालकाला नफ्यात वाटत असतं आणि वर्षअखेर ते तोट्यात निघतं. या हिशेबात भागीदारांच्या खिशात अजून एक रुपयाही गेलेला नाही, हेही लक्षात घ्या.

तुमचे आकडे घालून हा हिशेब आजच मांडा. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकोचा आणि गल्ल्यावर बसणाऱ्या नवऱ्याचा पगारही त्यात धरा. तो प्रत्यक्ष घेतला नाही तरी मांडलाच पाहिजे. घरच्या माणसांच्या फुकट श्रमावर उभा असलेला नफा हा नफा नव्हे.

हिशेब जुळत नसेल तर दोनच गोष्टी हातात असतात, बांधील खर्च कमी करणं आणि ताटामागे उरणारे पैसे वाढवणं. नवी रोषणाई, नवा फलक, समाजमाध्यमांवरची जाहिरात हे सगळं त्यानंतर.

एका ताटाची किंमत

हॉटेलच्या धंद्यात साधारण ठोकताळा असा, की कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या 30 ते 35 टक्क्यांत बसावा. माल आणि पगार मिळून 60-65 टक्क्यांच्या वर गेले की भाडं, वीज आणि दुरुस्ती भागवून हाती काही उरत नाही. मासळीच्या ताटात हे गणित चटकन बिघडतं.

समजा, पाच किलोची सुरमई 800 रुपये किलोने घेतली, म्हणजे 4,000 रुपये गेले. डोकं, शेपूट आणि पोटातली घाण काढून साडेतीन किलो उरली. सव्वाशे ग्रॅमची तुकडी पाडली तर 28 तुकड्या होतात आणि एक तुकडी 143 रुपयांना पडते. भात, भाकरी, कालवण, सोलकढी, तेल, मसाला, गॅस मिळून आणखी 60 रुपये धरा. ताट 203 रुपयांना पडलं. मालाचा खर्च एक-तृतीयांशात ठेवायचा तर ही थाळी 600 रुपयांच्या आसपास विकायला हवी. शेजारचा 400 ला देतो म्हणून तुम्हीही 400 ला दिलीत, तर निम्म्याहून जास्त पैसे मालातच जातात.

आता आचाऱ्याने सुरी जरा सढळ हाताने चालवली आणि तुकडी दीडशे ग्रॅमची झाली असं समजा. तेवढ्याच माशाच्या 23 तुकड्या होतात आणि तुकडी 174 रुपयांना पडते. ताटामागे 31 रुपये गेले. दिवसाला 40 ताटं असतील तर 1,240 रुपये. सीझनभर रोज हेच झालं तर एका कामगाराचा पगार निघाला असता एवढी रक्कम होते, आणि ती कुठेच नोंदली जात नाही. म्हणून मासा कापायच्या ओट्यावर वजनकाटा हवाच. तुकडीचं वजन भागीदारांनी ठरवावं आणि आचाऱ्याला समजावून सांगावं. डोकं टाकून देऊ नका, त्याचं कालवण होतं आणि जाणकार गिऱ्हाईक ते मागून घेतं.

सुरमई, पापलेट, हलवा, शेवंड यांचे दर रोज बदलतात. त्यांची किंमत मेनूकार्डावर छापूच नका, दाराशी फळ्यावर त्या दिवसाची लिहा. बांगडा, कोंबडी आणि शाकाहारी ताटाची किंमत मात्र सीझनभर एकच ठेवा. कुटुंब घेऊन आलेल्या माणसाला खर्चाचा अंदाज आला की तो निर्धास्त बसतो.

मेनू एका पानाचा

अडचणीतलं हॉटेल ओळखायची सोपी खूण म्हणजे लांबलचक मेनू. पनीर बटर मसाला, हक्का नूडल्स, मसाला डोसा आणि मालवणी थाळी एकाच कार्डावर असली, की चार प्रकारचा माल फ्रीजरमध्ये पडून राहतो आणि एकही पदार्थ धड होत नाही. मुंबई-पुण्याहून सहा-आठ तासांचा प्रवास करून आलेला माणूस नूडल्ससाठी आलेला नसतो.

पाच ताटं ठेवा: बांगडा, त्या दिवशी बाजारात चांगला मिळालेला एक मोठा मासा, कोलंबी किंवा तिसऱ्या, कोंबडी-वडे आणि शाकाहारी. शाकाहारी ताट नावापुरतं ठेवू नका. काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी, हंगामात फणसाची भाजी, कुळथाची पिठी, सोलकढी एवढं जीव ओतून केलं तर सोबतचा शाकाहारी माणूसच पुढच्या वेळी सगळ्यांना तुमच्याकडे घेऊन येतो.

खरेदी करताना भिंतीवरचं कालनिर्णय पाहत चला. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार या दिवशी मासळी कमी खपते. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी ती कमी पडते. रोज सारखीच मासळी घेणारा माणूस आठवड्यातले तीन दिवस माल फेकतो किंवा शिळा वाढतो.

मासळी घ्यायला भागीदारांपैकी एकाने स्वतः जावं. हर्णैसारख्या बंदरात होड्या लागल्या की किनाऱ्यावरच लिलाव होतो. मालवणच्या बाजूला रापण ओढली जाते तिथं थेट ओळख जुळवता येते. सुरुवातीचे काही आठवडे गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर न्या. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, पोट बोटाने दाबल्यावर परत वर येणारं, ही ताज्या माशाची लक्षणं. मासा घेतल्या घेतल्या बर्फात घाला. बांगडा आणि सुरमई उष्ण हवेत तास-दोन तास पडली तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होऊ लागतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, पुरळ येतं, डोकं दुखतं. त्यामुळे बर्फाच्या पैशांत काटकसर करू नका.

पावसाळ्याचे चार महिने

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पुढे श्रावण लागतो. या काळात गोठवलेली मासळी ताजी म्हणून विकण्याचा मोह टाळा, एकदा नाव गेलं की किनाऱ्यावर ते परत येत नाही.

पावसाळ्यात पूर्ण हॉटेल उघडं ठेवायचा हट्ट सोडा. भाड्याचा करार करतानाच पावसाळ्यातलं भाडं कमी ठरवून घ्या. झालेला करार असेल तर मालकाशी बसून बोला. रिकाम्या जागेपेक्षा टिकणारा भाडेकरू त्यालाही हवा असतो. कायम माणसं दोनच ठेवा, बाकीच्यांना आठ महिन्यांच्या बोलीने घ्या आणि ते पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. पुढच्या सीझनला परत येणाऱ्याला थोडी रक्कम आगाऊ द्यायची पद्धत ठेवलीत तर दसऱ्यानंतर आचारी शोधत फिरावं लागत नाही.

या महिन्यांत कमाईच्या वाटा लहान असतात, पण असतात. सुक्या जवळ्याची किसमूर, सोड्यांचं कालवण, खाडीतली मासळी यांवर आठवड्यातले तीन दिवस हॉटेल चालू शकतं. गणपतीत चाकरमानी घरोघरी येतात आणि उकडीच्या मोदकांना मागणी असते. घरात मोदक वळणारे हात असतील किंवा गावात चांगला बचत गट असेल तर आठवडाभर आधी नोंदणी घ्या. मे महिन्यात केलेला मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ गिऱ्हाइकांना बरोबर न्यायला ठेवा.

मित्र असलात तरी करार लिहा

हॉटेल बंद पडलं तर पैसा जातो. भागीदारी तोंडी असेल तर पैशाबरोबर मैत्रीही जाते. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा आहे आणि करारात काही लिहिलं नसेल तिथं तो स्वतःचे नियम लावतो. हे नियम निवृत्त माणसांनी नीट समजून घ्यावेत.

करारात वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांत समान वाटला जातो, मग भांडवल कोणी कितीही घातलेलं असो. कामाबद्दल भागीदाराला पगार मागता येत नाही. म्हणजे पहाटे बाजाराला जाणारा आणि सहा महिने मुलाकडे कॅनडात राहणारा, दोघांचा हक्क सारखाच. अशा जागी मनं दुखावतात. काम करणाऱ्या भागीदाराला महिना किती, भांडवलावर व्याज किती आणि त्यानंतर उरलेल्या नफ्याची वाटणी कशी, या तीन गोष्टी स्वतंत्र लिहा.

हॉटेलच्या देण्यांना प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह जबाबदार असतो. सगळी थकबाकी एकट्याकडूनही वसूल होऊ शकते. ही जोखीम नको असेल तर 2008 च्या कायद्याखालची मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, सनदी लेखापालाशी बोलून करा. साधी भागीदारी ठेवायची असेल तर ती निबंधकाकडे नोंदवाच. नोंदणी नसेल तर करारातला हक्क मिळवायला भागीदाराविरुद्ध किंवा पैसे बुडवणाऱ्याविरुद्ध दावा लावता येत नाही.

वेगळी तरतूद नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. पासष्टी-सत्तरीच्या माणसांनी या मुद्द्याकडे डोळेझाक करू नये. उरलेल्यांनी धंदा चालू ठेवायचा का, वारसांना हिस्सा किती हप्त्यांत द्यायचा, हिश्श्याची किंमत कशी काढायची हे आज हसतखेळत लिहून ठेवता येतं. दुःखाच्या दिवसांत ते जमत नाही. कोणी बाहेर पडला तर जाहीर नोटीस द्यायला विसरू नका. ती दिल्याशिवाय बाहेर गेलेल्याची त्रयस्थांपुढची जबाबदारी संपत नाही.

भागीदार अजून अनिवासी किंवा ओसीआय कार्डधारक असेल तर त्याला अशा भागीदारीत पैसे घालता येतात, पण परदेशी परत नेण्याच्या बोलीवर नाही. शेतजमीन मात्र त्याला विकत घेता येत नाही.

रोजच्या कामाची शिस्त

खरेदी, स्वयंपाकघर, गिऱ्हाईक आणि हिशेब ही चार खाती वाटून घ्या. ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा, इतरांनी आठवड्याच्या बैठकीत बोलावं. नोकरांसमोर वाद घालू नका. त्यातून नोकरांना भागीदारांत तट पडलेले कळतात आणि प्रत्येक जण आपापला साहेब धरतो.

गल्ल्यातून रोख कोणीही उचलू नये. यूपीआयचे पैसे भागीदारीच्याच खात्यात जमा व्हावेत. आप्तेष्ट जेवायला येणारच, आणि आपल्याकडे पाहुण्याला बिल देणं जिवावर येतं. म्हणून प्रत्येक कुटुंबाला महिन्याला ठरावीक ताटं मोकळी ठेवा आणि त्यापुढची ज्याची त्याने स्वतःच्या खात्यावर लिहावीत.

वयाचाही विचार हवा. साठीनंतर दहा तास उभं राहणं, भट्टीसमोरची उष्णता आणि ओली फरशी यांचा त्रास होतो. दोन पाळ्या करा, आठवड्यातून एक दिवस हॉटेल बंद ठेवा, स्वयंपाकघरात न घसरणाऱ्या चपला सक्तीच्या करा. वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी करून घ्या आणि तिचा खर्च हॉटेलच्या खात्यावर टाका.

जागा, कर, विमा

समुद्राकडे शेड वाढवण्याआधी किनारा नियमन क्षेत्राचे नियम पाहा. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक बंधनं आहेत. दाट वस्तीच्या गावांसाठी 2019 च्या अधिसूचनेत हा पट्टा 50 मीटरचा आहे. सातबारा, बिगरशेती परवानगी, ग्रामपंचायतीची कागदपत्रं आणि अन्नसुरक्षेचा परवाना एका फाइलमध्ये ठेवा. घरगुती गॅस सिलिंडर हॉटेलात वापरू नका.

मद्य न देणाऱ्या आणि वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलला जीएसटीची कंपोझिशन योजना घेता येते. त्यात 5 टक्के कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येत नाही. म्हणून तो ताटाच्या किमतीत आधीच धरा.

3 जून 2020 ला आलेलं निसर्ग आणि मे 2021 मधलं तौक्ते ही दोन वादळं किनारा अजून विसरलेला नाही. वादळ आणि पूर यांचा समावेश असलेला विमा घ्या. फ्रीजरमधला माल वीज गेल्याने खराब झाला तर भरपाई मिळते का, हे पॉलिसी घेतानाच विचारून लेखी घ्या.

कधी थांबायचं

थांबण्याच्या अटी धंदा बरा चालू असतानाच ठरवाव्यात. माझ्या मते तीन अटी पुरेशा आहेत. ठरवलेलं भांडवल संपलं, सलग दोन सीझन वर्षाचा हिशेब तोट्यात गेला, किंवा कोणाच्या प्रकृतीला काम झेपेनासं झालं, यांतली एकही गोष्ट घडली की भागीदारांनी बसून निर्णय घ्यायचा. तो निर्णय दरवेळी बंद करण्याचाच असतो असं नाही. गावातल्या होतकरू तरुण जोडप्याला हॉटेल नोंदणीकृत कराराने चालवायला देता येतं. घराच्या दोन खोल्या न्याहरी-निवासासाठी देऊन फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांना जेवण देता येतं.

बंदच करावं लागलं तर आधी कामगारांचे पगार द्या, मग मासळीवालीची आणि वाण्याची उधारी चुकवा आणि भागीदारांचा हिशेब शेवटी करा. उरलेलं आयुष्य याच गावात काढायचं आहे.

येत्या रविवारी हॉटेल अर्धा दिवस बंद ठेवा, सगळ्या भागीदारांनी जोडप्याने बसा आणि वर्षाच्या ताटांचा हिशेब व भागीदारीचा करार ही दोन कामं हाती घ्या. ती पूर्ण होईपर्यंत हॉटेलात नवा एक रुपयाही घालू नका.